घोडा असताना पायी

अक-ओरूक, ६ एप्रिल २०२५

प्रिय शोदमोन,

आज सकाळी पाटाजवळ उभा होतो, तेव्हा तुझा आवाज ऐकू आला. आत्ताचा नव्हे, साठ वर्षांपूर्वीचा. सालिमाबाई कविता म्हणायला लावायच्या, सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा आणि शेवटच्या ओळीला पोचून एकदम गप्प व्हायचा. मग त्या शांततेत मागाहून एकट्या तुझा शेवटचा शब्द यायचा. तू प्रत्येक ओळ आधी मनात ताजिकमध्ये करून बघायचास, म्हणून एक शब्द मागे राहायचास. सगळे हसायचे. बाई हसायच्या नाहीत. म्हणायच्या, "शोदमोन पोचल्याशिवाय कविता संपली असं समजू नका."

काल काय जेवलो ते मला आठवत नाही, पण ती कविता अजून पाठ आहे:

पाणी म्हणालं धोंड्याला, सरक बाबा थोडा,
खालच्या गावी वाट पाहतो तहानलेला घोडा.

खालचं गाव म्हणजे तुमचं होजाबोगच, अशी तेव्हा माझी खात्री होती. घोडा कोणाचा, एवढंच कळत नव्हतं.

आता कामाचं लिहितो. दोन वर्षं पत्र नाही, बोलणं नाही, आणि आला तो काम घेऊनच आला, असं म्हणशील. म्हण.

माझी नात बेगायम, तालांतची थोरली, बिश्केकला एका संस्थेत काम करते. लढाईची झळ लागलेल्या मुलांसाठी आहे ती संस्था. त्या सप्टेंबरात सरहद्दीवर झालेल्या लढाईनंतर इथल्या मुलांचं काय झालंय ते तुला वेगळं सांगायला नको. आमच्या शाळेचं लोखंडी फाटक जोरात आपटलं की अर्धा वर्ग बाकाखाली जातो. एरवी हसतात, खेळतात, एकमेकांना बदडतात. फक्त फाटक आपटायला नको. जर्दाळूवाली रोबिया सांगत होती, तुमच्याकडेही तसंच. मोठा ट्रक आला की पोरं झाडांवर चढून बसतात आणि संध्याकाळपर्यंत उतरत नाहीत. संस्था एक डॉक्टरीणबाई पाठवायला तयार आहे. गोळ्या देणारी नव्हे. मुलांशी बोलणारी, त्यांच्याकडून चित्रं काढून घेणारी. तिचा खर्च मात्र इथल्या माणसांनी उभा करायचा.

कसा, तर चालून. शहरात अशी पद्धत आहे म्हणे. एक माणूस ठरवतो, मी इथून तिथवर पायी जाणार. आणि मित्रांना सांगतो, मी जेवढं चालेन तेवढ्याचे पैसे तुम्ही मुलांसाठी द्या. त्या मित्रांना स्पॉन्सर म्हणायचं. मी बेगायमला म्हटलं, "चालण्याचे पैसे मिळत असते तर आपले मेंढपाळ एव्हाना महालात राहिले असते." ती म्हणाली, "आजोबा, थट्टा नको. तुम्हीच चाला. त्या वाटेवर तुम्हाला सगळे ओळखतात." ते खरं आहे. तीस वर्षं मी तिथून बस नेली. अक-ओरूक, होजाबोग, बातकेन. एकेक खड्डा मला नावानिशी माहीत. पण पायी एकदाही गेलेलो नाही. तर मेच्या दोन तारखेला निघायचं ठरवलंय.

एक अडचण आहे, आणि ती तुझ्याशिवाय सुटणार नाही. मी म्हणालो, डॉक्टरीण आठवड्यातले काही दिवस आमच्याकडे आणि काही दिवस होजाबोगला जाईल. सरहद्दीवरचं नाकं मार्चपासून उघडलंय, तिला कोणी अडवणार नाही. त्यावर आपला वर्गातला इमानाली उसळला. त्याचं घर पूर्ण जळालं, तुला माहीत आहे. म्हणाला, "त्यांच्याकडचं एक तरी माणूस यात हात घालू दे, मग त्यांच्या पोरांचं बोलू. नाहीतर आपला पैसा, आपली पोरं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. शेवटी मी इमानालीशी हात मिळवून ठरवलं: मी बातकेनला पोचेपर्यंत होजाबोगच्या कोणी काही दिलं, तर डॉक्टरीण दोन्हीकडे जाईल. नाही दिलं, तर फक्त आमच्याकडे.

होजाबोगमध्ये मी तुझ्याशिवाय कोणाला विचारू? एक सोमोनीचं नाणं दे, मूठभर जर्दाळू दे, नुसतं नाव दे. रोबिया बाजाराच्या दिवशी नाक्यावरून जाते-येते, तिच्याजवळ निरोप पाठव.

तुझी आई गेली तेव्हा नाकं बंद होतं. मी फोन केला, आणि तू म्हणालास, "फोनवर रडणाऱ्याला माझ्या अंगणात जागा नाही." ते मला लागलं. पण तुझंही चूक नव्हतं. मेलेल्या माणसासाठी दारात जाऊन रडायचं असतं, तुमच्यात काय आणि आमच्यात काय. तू शाळेसाठी आमच्या गावात राहायचास, तेव्हा त्या माऊलीनं तुझ्याबरोबर माझ्यासाठी किती भाकऱ्या धाडल्या, त्याचा हिशेब देवाकडे असेल. माझं छप्पर जळालं तेव्हा तू विचारलं नाहीस, हे मीही धरून बसलो होतो. ते कोणी जाळलं, ते लिहीत नाही. तुमच्याकडे एक सांगतील, आमच्याकडे दुसरं.

सोनुनची चौकशी करशीलच. तिला आता गुडघ्याचा त्रास नाही. मोहिराला सलाम सांग.

तुझा,
एसेनकुल


अक-ओरूक, १५ एप्रिल

प्रिय शोदमोन,

रोबिया म्हणाली, पत्र तुझ्या हातात दिलं, तू ओसरीवर बसून होतास, पत्र उशीखाली ठेवलंस, तिला चहा पाजलास आणि एक शब्द बोलला नाहीस. ठीक. मी लिहीत राहतो.

या खेपेची शेरिनेची मेजवानी ताशतानकडे होती. आपली वर्गातली मंडळी अजून महिन्याच्या महिन्याला एकेकाकडे जमते, मेंढी कापते आणि एकमेकांची उणीदुणी काढते. तुझ्या जागेवर कोणी बसत नाही. तुझ्या वाटणीचं मटण मात्र इमानाली खातो.

चहा झाल्यावर मी चालण्याचं सविस्तर सांगितलं. इमानालीशी हात मिळवला तेव्हा बाकीच्यांना ते नीट कळलंच नव्हतं, हे आता लक्षात आलं. ताशताननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तालांतनं गाडी विकली?"

"नाही."

"बिघडली?"

"नाही."

"मग सुनेनं काढलं घराबाहेर?"

"अरे, मी माझ्या इच्छेनं चालणार आहे."

"इच्छेनं कोण चालतं? घोडा मेला की माणूस चालतो. तुझ्या आजोबांचा घोडा मेला तेव्हा ते तीन दिवस घरातून बाहेर पडले नाहीत, लाजेनं. आणि तू बातकेनच्या बाजारातून पायी जाणार? या वयात? लोक म्हणतील, ताशतानच्या वर्गातल्या माणसाला बसायला गाढव नाही."

मी म्हटलं, मुलांसाठी आहे. तो म्हणाला, "घोड्यावरून गेलास तर मुलांना कमी मिळतं का?" मी म्हटलं, चालण्याचेच पैसे असतात, कष्टाचे. तर इमानाली हातातला नान खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे हा जितका दमेल तितके आपण द्यायचे? म्हाताऱ्याला दमवायचे पैसे? हे असलं पाप माझ्या हातून होणार नाही."

सगळं चूक मीच केलं, असं वाटायला लागलं. बेगायमनं शहरातली गोष्ट सांगितली आणि मी ती उचलून या लोकांपुढे ठेवली, ज्यांना पायी माणूस दिसला की आधी पाणी विचारावंसं वाटतं आणि मग घोडा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फाटकाला घोडा बांधलेला होता. ताशतानचा तांबडा, खोगीर घातलेला, रिकिबी घासून लख्ख केलेल्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी तो परत नेऊन बांधला. दुपारी पुन्हा माझ्या दारात. संध्याकाळी परत नेला, तर ताशतानची बायको म्हणाली, "भाऊजी, घोड्याला आता तुमच्याकडची वाट पाठ झाली, तो एकटाच येईल. तुम्ही कशाला दमता?"

आणि सून. एल्नुरा गोठ्यात बसून रडत होती. पाटावर बायकांनी तिला विचारलं म्हणे, "सासऱ्यांना कुठं पाठवताय?" मी म्हटलं, "बाळ, तुझा काही दोष नाही." ती म्हणाली, "बाबा, दोष नाही हे तुम्हाला माहीत आहे. पाटाला माहीत नाही."

तुझ्या निरोपाची वाट पाहतोय.

एसेनकुल


अक-ओरूक, २४ एप्रिल

प्रिय शोदमोन,

आता ऐक, आणि हसायचं असेल तर हस.

पैसे जमायला लागले. नुसते जमले नाहीत, वाहायला लागले. पण मी चालावं म्हणून नव्हे. मी चालू नये म्हणून. दूधडेअरीवाला आला, नोटा काढल्या आणि म्हणाला, "आका, हे मुलांसाठी, फक्त तुम्ही घरी बसा." इमानालीनं मेंढी आणून बांधली: "ही घे आणि चालण्याचं नाव काढू नकोस." ज्या म्हाताऱ्याकडून मी तीस वर्षांत एकदाही तिकिटाचे पूर्ण पैसे वसूल करू शकलो नाही, तोसुद्धा काठी टेकत आला आणि माझ्या हातात नोट कोंबून म्हणाला, "घरी बस, बाबा. सगळ्यांच्या मनाला त्रास होतो."

मी बेगायमला फोन केला. "काय करू? चाललो नाही तर जास्त मिळतायत." ती इतकी हसली की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. मग म्हणाली, "आजोबा, पैसे घ्या आणि चालाही." मी म्हटलं, "ती फसवणूक होईल. माणसानं बसायचे पैसे घेऊन चालू नये." मग मी घरोघरी गेलो आणि ज्याचं त्याला परत द्यायला लागलो. कोणी घेईना. दिलेलं परत घेणं म्हणजे अपमान. इमानालीच्या मेंढीनं तर आमच्याकडे कोकरू घातलं. आता ते कोणाचं, यावर वेगळा वाद.

शेवटी ताशतान आला आणि ओसरीवर बसून बराच वेळ दाढी खाजवत राहिला. म्हणाला, "तू जाणारच?" मी म्हटलं, जाणारच. "मग एकटा जाऊ शकत नाहीस. वर्गातला माणूस एकटा पायी गेला तर आम्ही मेल्यासारखे. आम्ही बरोबर येऊ."

"चालत?"

"वेडा आहेस का? घोड्यावर."

असं ठरलं. मी पुढे चालणार, माझे मित्र मागे घोड्यांवर, आणि सगळ्यात मागे इमानालीच्या भावाचा ट्रक, त्यात कढई, सामोवार आणि गाद्या. त्यामुळे सगळ्यांची अब्रू राहते. माझी सोडून.

घरात मात्र कोणाचीच राहिली नाही. तालांत काल संध्याकाळी माझ्याशी बोलला. सरळ बोलला, आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं. "बाबा, छप्पर मी परत घातलं. माझ्या हातानं पत्रे ठोकले. तेव्हा तिकडून कोणी खिळा तरी धरायला आलं? आणि तुम्ही त्यांच्या पोरांसाठी हात पसरत निघालात."

मी म्हटलं, "शाळेचं फाटक वाजलं की बाकाखाली जाणारं पोर तू कधी पाहिलंस?"

"आपलं पाहिलंय. माझं स्वतःचं."

"तसंच ते."

तो उठला. जाताना त्यानं अंगणाचं फाटक जोरात आपटलं. मग रस्त्यातच थांबला, मागे आला, फाटक उघडलं आणि अगदी हळू, कडी हातानं धरून लावलं.

तुझ्याकडून अजून काही नाही. रोबिया म्हणते, तू पत्र घेतोस, तिला बसवतोस, नान देतोस. रागावलेला माणूस तर असा वागत नाही. मग तू काय आहेस? दोन तारखेला मी निघतो. चौथ्या दिवशी बातकेन. तिथे पोचलो की इमानालीशी ठरवलेली मुदत संपली, आणि डॉक्टरीण फक्त आमच्याकडची. तुमची पोरं झाडावरच राहतील, शोदमोन. ती तुझ्या-माझ्या रागापायी चढून बसलेली नाहीत.

एसेनकुल


वाटेवर, पहिला मुक्काम, २ मे

प्रिय शोदमोन,

गादीवर पालथा पडून लिहितोय, अक्षर वाकडं येईल. पाय गरम पाण्यात घालून झाले. एक फोड आलाय, त्याला ताशतान रोज सकाळी विचारणार आहे म्हणे, "कसा आहेस रे स्पॉन्सर?"

पहिल्या गावात शिरलो तर लोक दारात आले. एक म्हातारा पुढे पायी, मागे घोडेस्वार, त्यांच्या मागे कढई. कोणाला काय समजावं? अर्ध्यांना वाटलं कोणीतरी वारलंय. डोक्यावरची टोपी नीट करून ते गंभीरपणे विचारायला लागले, "कोण गेलं?" उरलेल्यांना वाटलं मुलगी मागायला चाललोय. एका बाईला वाटलं, मी काही नवस केलाय. ती दोन वर्षांचं पोर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली: "बाबा, एवढ्या लांब पायी निघालात, तुमच्या तोंडात पुण्य असेल. याच्यावर फुंकर घाला, रात्री झोपत नाही हो."

मला दुआ धड येत नाही, तुला माहीत आहे. मागे ताशतान घोड्यावर हसू दाबत होता. मी पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात 'पाणी म्हणालं धोंड्याला' म्हटलं, शेवटपर्यंत, आणि फुंकर घातली. बाईनं डोळे मिटून तोंडावरून हात फिरवला. पोर माझ्याकडे बघत राहिलं. सालिमाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, एसेनकुल, एक ओळ गाळलीस.

चालण्यापेक्षा जेवण जास्त झालं. पाहुणा उपाशी गेला तर घराला डाग, मग तो पायी असो की विमानात. एका घरात पुलाव, दुसऱ्यात आंबट दही, तिसऱ्यात तळलेले बोरसोक, आणि मी प्रत्येक ठिकाणी सांगतोय की बायांनो, मला अंधार पडायच्या आत पुढच्या गावाला जायचंय. मंडळी घोड्यांवरून उतरतात, खातात, घोरतात. शेवटी मी एकटाच पुढे निघून गेलो. मागून टापा आल्या. इमानाली होता. घोडा माझ्या बरोबरीनं चालवत तो म्हणाला, "वर बस. कोणी बघत नाही." मी म्हटलं, "मुलं बघतील." तो म्हणाला, "इथं कुठं मुलं?" आणि मग स्वतःच आजूबाजूला पाहिलं, जणू खरंच असतील.

तुला एक सांगतो. बसच्या काचेतून मी ही वाट हजारदा पाहिली, पण पॉप्लरच्या पानांचा आवाज मला कधी ऐकू आला नव्हता. इंजिन चालू असायचं ना.

एसेनकुल


दुसरा मुक्काम, ३ मे

शोदमोन,

हे पत्र वेगळं आहे. उद्या सकाळी रोबियाचा ट्रक इथून जाईल, तिच्या हातात देतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, सोनुनला आता गुडघ्याचा त्रास नाही. ते खोटं नव्हतं. ती गेली. मागच्या ऑक्टोबरात, जर्दाळूची पानं लाल झाली होती तेव्हा. सकाळी नान भाजले, दुपारी म्हणाली जरा पडते, आणि उठली नाही. छातीचं दुखणं होतं, तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

तुला का कळवलं नाही, ते सांगतो. मी फोन हातात घेतला होता. तुझा नंबरही काढला. पण नाकं तेव्हा बंदच होतं. फोनवर रडणाऱ्याला तू तुझ्या अंगणात जागा देत नाहीस, मग मी तुला फोनवर रडायला कुठल्या तोंडानं सांगू? तू आला नसतास, येऊच शकला नसतास, आणि मग मीही तुझ्यावर तसाच रुसलो असतो. म्हटलं, नकोच. त्याला वाटू दे, ती आहे. निदान एका घरात ती जिवंत राहील, चुलीजवळ बसून मोहिराशी गप्पा मारत. तशी ती तुमच्याकडे सहा महिने जगली.

या वाटेवर प्रत्येक थांब्यावर तीच आठवते. दर शुक्रवारी ती होजाबोगला मागच्या दारानं उतरायची आणि मोहिरा पुढच्या दारानं चढायची, कधी उलट. दोघी एकमेकींना भेटायला निघायच्या आणि माझ्याच बसमध्ये वाटेत चुकामूक व्हायची. मग मीच एकीला दुसरीचा निरोप देत बसायचो. अक्षरशः पाककृती पोचवल्या आहेत मी.

आज चालताना पाय सोडून सगळं दुखत होतं. ताशतानला कळलं असावं. त्यानं टोमणा मारला नाही, फक्त घोडा माझ्या आणि उन्हाच्या मधे घातला आणि तसाच चालवत राहिला.

उद्याचा मुक्काम नाक्याजवळ, ताशतानच्या बहिणीच्या घरी. तिथून तुझं गाव दिसतं. परवा बातकेन. तू काही देऊ नकोस असं वाटत असेल तर नको देऊस. पण मला एक सांग: माझ्यासाठी फाटक उघडशील का? तुझ्या आईसाठी मला दारात येऊन रडायचंय. उशीर झालाय, पण मी पायी येतोय. फोनवरून नव्हे.

एसेनकुल


नाक्याजवळ, तिसरा मुक्काम, ४ मे, संध्याकाळ

प्रिय शोदमोन,

पोचलो. इथून तुमच्याकडचे पॉप्लर दिसतात, मशिदीचा पत्रा दिसतो, आणि मला वाटतं तुझ्या जर्दाळूच्या बागेची कडाही. माझी नजर आता तितकी चांगली नाही, पण बाग कुठे असायला हवी ते माहीत आहे, म्हणून दिसते.

दुपारी रोबियाचा ट्रक परत गेला. ती थांबली, खाली उतरली. मी विचारायच्या आधीच मान हलवली. पत्र तुझ्या हातात दिलं, तू तिच्यासमोर उघडलंस, आणि मग भिंतीकडे तोंड फिरवून बसलास. निरोप नाही.

इमानाली ते ऐकत होता. त्यानं मला टाकून बोलावं अशी मी तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "उद्या बातकेन." बस, एवढंच. मग थोड्या वेळानं, "हात मिळवलाय, एसेनकुल. मी घर जळालेला माणूस आहे. मला सोडवता येत नाही तो." मी म्हटलं, "मी सोडव म्हणत नाही." खरं तर मी तेच म्हणत होतो. मनातल्या मनात, दोन दिवस.

आता आम्ही सगळे आत बसलोय. पुलाव उतरायला आलाय. ताशतान म्हणतो, तू लिहितोस काय सारखं, तो वाचतो तरी का. मी म्हणतो, वाचतो. तो म्हणतो, कशावरून. मी म्हणतो, तो नेहमी एक शब्द मागे

पत्र अर्धवट ठेवून उठावं लागलं. आता पुढचं लिहितो, कारण हे तुला माझ्याकडून कळायला हवं.

बाहेर कोणीतरी रडत येत होतं. साधं रडणं नव्हे. मेलेल्याच्या घरी येताना बायका लांबून सूर धरतात तसं, आमच्या पद्धतीनं, आमच्याच शब्दांत, पण उच्चार तुमचे. "माझी सोनुन, माझी मैत्रीण, चुलीपुढची माझी जागा तुझ्याशिवाय कोणाला दिली नाही..." ताशतानच्या बहिणीच्या हातातला डाव कढईत पडला. घोड्यांनी कान टवकारले. आम्ही सगळे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागलो. या घरात तर कोणी मेलं नव्हतं. मग ताशतान माझ्याकडे बघायला लागला, मग इमानाली, मग सगळे, आणि मी उभा राहिलो, कारण सोनुनचा माणूस मी होतो आणि ती माझ्याकडे येत होती.

दार उघडलं. मला वाटलं होतं, तू. शोदमोन, मी तुला पाहायला उठलो होतो.

दारात मोहिरा होती. एकटी. बरोबर मुलगा नाही, नातू नाही. चपला हातात, पाय धुळीनं पांढरे, डोक्यावरचा रुमाल घामानं चिकटलेला, काखेत गाठोडं. नाक्यावरच्या शिपायानं तिला विचारलं म्हणे, "आजी, कोणाकडे?" तर ती म्हणाली, "मयताला." त्यानं दांडा वर केला.

ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि आम्ही दोघं रडलो. आधी सोनुनसाठी, मग तुझ्या आईसाठी, मग पुन्हा सोनुनसाठी. किती वेळ, ते माहीत नाही. घोड्यांशिवाय कोणी हललं नाही.

मग तिनं रुमालानं डोळे पुसले आणि माझ्यावर ओरडली.

"सहा महिने! आका, सहा महिने मी तिच्यासाठी मुरंबा वेगळा काढून ठेवत होते!"

मी तिचा हात धरून तिला आत घ्यायला गेलो, तिनं हात सोडवून घेतला.

"आणि त्याच्यावर रागावू नका. तो मार्चमध्ये झाडावरून पडला. या वयात छाटणी करायला चढला! मांडीपर्यंत प्लास्टर आहे. रोबियाला शपथ घातलीय, सांगायचं नाही म्हणून. तुमची सगळी पत्रं रात्री मला मोठ्यानं वाचून दाखवतो. उत्तर पहिल्या दिवसापासून लिहितोय. लिहितो आणि फाडतो, लिहितो आणि फाडतो. आज तर पेन्सिलच फेकली, म्हणाला, सोनुनसाठी मी कागदावर रडणार नाही, मला उचलून न्या. कोण उचलणार त्याला? तुम्ही दोघं असेच बसा, आधी तू, आधी तू, करत. मी निघाले."

"पायी?"

"मग? घोडा आहे का माझ्याकडे?"

मागे ताशताननं नुसता घसा खाकरला.

मोहिरा अजून उंबऱ्याबाहेरच. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, एकेका कल्पाक टोपीखालचा चेहरा बघत.

"यातला इमानाली कोण?"

इमानाली उठून दाराशी येऊन उभा राहिला. हात पोटावर बांधून, शाळेत उभा राहायचा तसा.

तिनं गाठोडं सोडलं आणि त्याच्या पायाशी उंबऱ्यावर ठेवलं. मागच्या वर्षीचे वाळवलेले जर्दाळू, मोठे, कोयीसकट.

"होजाबोगचं माणूस हवं होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "आलंय. आधी पाय धुवायला पाणी द्या."